'अडकलेलं मूल्य' नेमकं कुणाचं? : सहकारी संस्थेची कंपनी होते तेव्हा

आजचा विषय जाहीर झाल्यावर माझ्या एका जुन्या सहकारी प्राध्यापकांचा फोन आला. म्हणाले, "तुम्ही आयुष्यभर कांट शिकवला, आता साखर कारखान्यांवर काय बोलणार?" मी म्हटलं, अहो, कांट शिकलो तोच साखर कारखान्याच्या पैशावर. घरचा ऊस कारखान्याला जायचा, आणि त्या बिलातून माझी पुण्यातली खानावळ भागायची. तेव्हा विषय परका नाही. पण मी अर्थशास्त्रज्ञ नव्हे, ताळेबंद वाचण्यात माझा काही अधिकार नाही. मला आज एक युक्तिवाद तपासायचा आहे. तर्कशास्त्राच्या तासाला आपण जसा तपासायचो, तसाच.

युक्तिवाद असा आहे. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेत, मग तो दूध संघ असो, साखर कारखाना असो की धान्याची कोठारं, वर्षानुवर्षं राखीव निधी साठतो. जमीन, यंत्रं, इमारती, बाजारातलं नाव, सगळं वाढत जातं. पण सभासदाच्या हातातल्या शेअरची किंमत दर्शनी किमतीइतकीच राहते. पाचशेचा शेअर पन्नास वर्षांनी परत केला तरी पाचशेच मिळणार. म्हणजे शेतकऱ्याच्या घामातून तयार झालेलं मूल्य संस्थेच्या पोटात 'अडकून' पडलंय. तेव्हा संस्थेची कंपनी करा, शेअर बाजारात नोंदवा आणि हे मूल्य 'मोकळं' करा. शेतकऱ्याला हक्काचं मिळेल, संस्थेला भांडवल मिळेल, आणि संचालक मंडळातलं राजकारणही संपेल.

हा युक्तिवाद फालतू नाही. त्यात बरंच खरं आहे, आणि जगभर अनेक ठिकाणी शेतकऱ्यांनी तो पटून, हात वर करून मान्य केला आहे. पण मी विद्यार्थ्यांना एक सांगायचो: ज्या युक्तिवादातलं क्रियापद फार गोड असतं, तिथे आधी ते क्रियापद तपासा. 'मोकळं करणं' हे तसं क्रियापद आहे. मोकळं कुणाला करतात? जो बांधलेला आहे त्याला. मग हे मूल्य खरोखर बांधलेलं होतं का?

ॲरिस्टॉटलच्या 'पॉलिटिक्स'मध्ये पहिल्याच भागात पायताणाचं उदाहरण आहे. पायताण पायात घालता येतं, आणि विकताही येतं. दोन्ही पायताणाचेच उपयोग, पण पायताण तयार झालं ते विकण्यासाठी नव्हे, घालण्यासाठी. आता तुम्ही रोज चप्पल घालून शेतात जाताय, आणि कुणी तरी येऊन सांगतं, "या चपलेचं मूल्य तुमच्या पायात अडकलंय, मोकळं करा," तर तुम्ही काय म्हणाल? (हशा) म्हणाल, अडकलेलं नाही रे बाबा, वापरात आहे.

सहकारी संस्थेचं मूल्य असंच वापरात असतं. ते कसं, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळा घोळ इथेच होतो. ऊस तोडला की लगेच गाळावा लागतो. दिवस गेला की वजन घटतं, उतारा घटतो. सकाळचं दूध दुपारपर्यंत थंड झालं नाही तर नासतं. म्हणजे शेतकऱ्याला थांबता येत नाही आणि घेणाऱ्याला थांबता येतं. घेणारा एकच असेल तर तो म्हणेल तो भाव. या अडचणीवर उपाय म्हणून शेतकऱ्यांनी ठरवलं की घेणारा आपणच होऊ. चरक आपला, काटा आपला. मग संस्थेला जे जास्तीचं मिळेल ते नफा म्हणून वेगळं काढायचंच नाही, उसाच्या किंवा दुधाच्या भावातून सभासदाला द्यायचं. ज्यानं जितका माल घातला, त्याला तितकं. मतदानात मात्र एक माणूस एक मत, दहा टन घालणाऱ्यालाही आणि हजार टन घालणाऱ्यालाही.

आपल्याकडे आयकर खात्यानं या गोष्टीवरून वर्षानुवर्षं वाद घातला, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. सहकारी कारखान्यानं सरकारी किमान दरापेक्षा जास्त भाव दिला, तर ती जादा रक्कम खर्च की नफ्याचं वाटप? खातं म्हणायचं नफा, कर भरा. कारखाने म्हणायचे, ही उसाची किंमत आहे. तासगावच्या कारखान्याच्या निमित्तानं २०१९ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कायद्यात आधी पुढच्या वर्षांसाठी दुरुस्ती झाली होती, आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात जुन्या वर्षांसाठीही सूट मिळाली. तिचा आकडा अर्थमंत्र्यांनी सुमारे १०,००० कोटी रुपये सांगितला. मला या वादात रस आहे तो वेगळ्या कारणासाठी. सहकारात 'भाव' आणि 'नफा' यांच्यातली रेघच पुसलेली असते, आणि कंपनीच्या चष्म्यातून बघणाऱ्याला ती दिसल्याशिवाय चैन पडत नाही. तीच गत 'अडकलेल्या मूल्या'ची. जो माल घालतो, त्याला ते मूल्य दर पंधरवड्याच्या बिलात मिळतच असतं. अडकलेलं वाटतं ते कुणाला? ज्यानं माल घालणं बंद केलं त्याला.

हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण आता मी तुम्हाला कॅनडात नेणार आहे.

सस्कॅचेवान हा कॅनडातला गव्हाचा प्रांत. तिथल्या शेतकऱ्यांनी १९२४ साली 'सस्कॅचेवान व्हीट पूल' सुरू केला. त्याआधी खासगी धान्य कंपन्यांच्या कोठारांवर वजन कसं व्हायचं, प्रत कशी ठरायची, हे मी सांगायला नको. आपल्याकडच्या काट्याच्या कथा आठवा. गावोगावी रेल्वेलगत पूलची उंच लाकडी कोठारं उभी राहिली. पुढे प्रांतातलं अर्ध्याहून जास्त धान्य पूलकडे येऊ लागलं. सत्तर वर्षं हे चाललं.

१९९० च्या आसपास अडचण आली. अडचण खोटी नव्हती. सभासद म्हातारे होत होते. निवृत्त झालेल्या सभासदाचा भांडवलातला वाटा परत द्यायचा असा नियम होता. पुढच्या काही वर्षांत हजारो जण निवृत्त होणार, पैसे बाहेर जाणार, आणि त्याच वेळी जुनी लाकडी कोठारं पाडून मोठी काँक्रीटची बांधायची गरज. पैसा आणायचा कुठून? व्यवस्थापनानं उत्तर काढलं: शेअर बाजार. १९९४ मध्ये निर्णय झाला. लक्षात घ्या, सगळ्या सभासदांनी एकेक मत देऊन नव्हे, निवडून दिलेल्या प्रतिनिधींनी. एप्रिल १९९६ मध्ये टोरांटोच्या बाजारात शेअर विक्रीला आले.

आता यातली हुशारी बघा. शेअर दोन प्रकारचे केले. 'अ' वर्ग फक्त शेतकऱ्यांकडे, त्याला मत. 'ब' वर्ग बाजारात, त्याला मत नाही. म्हणजे नियंत्रण शेतकऱ्याचं आणि पैसा गुंतवणूकदाराचा, दोन्ही हातात लाडू. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मलाही वाटलं, यात बिघडलं काय?

बिघडलं ते असं. मत नसलेला भागधारकसुद्धा बोलतो. तो शेअर विकून बोलतो. भाव पडला की व्यवस्थापनाला घाम फुटतो. आणि व्यवस्थापनाच्या हाती अचानक पैसा आलेला, कर्जही सहज मिळू लागलेलं. कोठारं झपाट्यानं बांधली गेली, पोलंडमध्ये बंदरावर, मेक्सिकोत, नाना धंद्यांत पैसा गेला. गुंतवणूकदाराला वाढ दाखवायची होती ना! शेअर चढत चढत चोवीस डॉलरच्या आसपास गेला, आणि १९९९ पासून तोटे सुरू झाल्यावर घसरत घसरत एका डॉलरच्याही खाली आला. २००३ मध्ये कर्जाची पुनर्रचना करावी लागली. २००५ मध्ये पूल साधी कंपनी झाली, शेतकऱ्यांचा 'अ' वर्ग संपला. २००७ मध्ये तिनं अॅग्रिकोर युनायटेड ही कंपनी घेतली आणि नाव बदलून 'व्हिटेरा' केलं. या अॅग्रिकोर युनायटेडमध्ये शेजारच्या अल्बर्टा आणि मॅनिटोबा प्रांतांतले जुने शेतकरी पूल आधीच विरघळले होते. म्हणजे तिन्ही पूल एका पोटात. २०१२ मध्ये व्हिटेरा स्वित्झर्लंडच्या ग्लेनकोअरनं सुमारे ६१० कोटी कॅनेडियन डॉलरना विकत घेतली. २०२५ मध्ये ती बंजी या बड्या धान्य कंपनीत विलीन झाली. शेतकऱ्यांनी ज्या प्रकारच्या धान्य व्यापाऱ्यांपासून सुटण्यासाठी १९२४ साली पूल काढला होता, शंभर वर्षांनी पूल त्यांच्याच रांगेत जाऊन बसला.

तुम्ही म्हणाल, हे अपयशाचं उदाहरण झालं, अपयशी कंपन्या सगळीकडे असतात. बरोबर. म्हणून आता यशाचं घेऊ. टीका करायची तर समोरच्याच्या सगळ्यात भक्कम उदाहरणावर करावी.

आयर्लंडच्या नैर्ऋत्येला केरी नावाचा परगणा आहे. गरीब, डोंगराळ, पावसाचा. १९७२ मध्ये तिथे लिस्टोवेल गावाजवळ दुधाचा कारखाना सुरू झाला, आणि १९७४ मध्ये शेतकऱ्यांनी पैसे गोळा करून केरी सहकारी संस्था उभी केली, सरकारी मालकीच्या दूध केंद्रांसकट सगळं ताब्यात घेतलं. माणसं कर्तबगार होती. १९८६ मध्ये संस्थेनं आपला व्यवसाय 'केरी ग्रुप' या कंपनीकडे दिला, बदल्यात तिचे बहुसंख्य शेअर घेतले, आणि कंपनी बाजारात नोंदवली. कंपनी फोफावली. आज ती खाद्यपदार्थांना चव आणि घटक पुरवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांपैकी आहे. ज्या शेतकऱ्यांकडे शेअर होते, त्यांची किंमत कित्येक पटींनी वाढली. कुणी घर बांधलं, कुणी मुलांना शिकवलं. याला मी वाईट म्हणणार नाही. आमच्या भागातल्या एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याला असं काही मिळालं असतं, तर मी त्याच्या घरी पेढे घेऊन गेलो असतो.

पण सुरुवातीला नियम होता की संस्थेचा कंपनीतला हिस्सा ५१ टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. १९९६ मध्ये सभासदांनीच तो नियम बदलला. हिस्सा कमी होत होत शेवटी अकरा टक्क्यांच्या आसपास आला. आणि सभासदांमध्ये दोन जाती पडल्या. एक, जे अजून गाई दोहतात. दुसरे, ज्यांनी गाई विकल्या किंवा ज्यांना शेअर वारशानं मिळाले. तिकडे त्यांना 'कोरडे' सभासद म्हणतात. आपण 'भाकड' म्हटलं असतं. (हशा) भाकड सभासदाला शेअरचा भाव चढलेला हवा. दुभत्या सभासदाला दुधाचा भाव चढलेला हवा. कंपनीच्या खात्यात दुधाचा भाव म्हणजे खर्च. एकाच संस्थेचे दोन सभासद, दोघांचं हित एकमेकांच्या विरुद्ध. दुधाला आघाडीचा दर देण्याच्या करारातल्या शब्दावरून शेतकरी आणि कंपनी यांच्यातला वाद लवादापर्यंत गेला. आपणच काढलेल्या कंपनीशी आपणच लवादात!

आणि याचा शेवट कुठे झाला? डिसेंबर २०२४ मध्ये केरी सहकारी संस्थेच्या सभासदांनी मतदान करून ठरवलं की कंपनीकडून दुधाचा व्यवसाय परत विकत घ्यायचा. किंमत ठरली सुमारे ५० कोटी युरो. आधी ७० टक्के हिस्सा ३५ कोटींना, उरलेला नंतर. सभासदांच्या बहुतेक शेअरांच्या बदल्यात त्यांना थेट कंपनीचे शेअर मिळाले. म्हणजे ज्यांना पैसे हवे होते ते पैसे घेऊन मोकळे झाले, आणि ज्यांना दूध घालायचं होतं त्यांनी आपलीच दूध केंद्रं मोल देऊन परत आणली. मी हे अपयश म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की १९८६ मध्ये जे 'मोकळं' केलं, त्याची गरज अडतीस वर्षांनीही संपलेली नव्हती. दूध तेव्हाही नासायचं, आताही नासतं.

आता मूळ प्रश्नाकडे. समजा आजचे सगळे सभासद एकमतानं म्हणाले, विकू या. मग त्यांना तो अधिकार आहे का? उदारमतवादी माणूस पटकन म्हणेल, अर्थात, मालक तेच आहेत. इथे मला आपल्याकडचा एक जुना विचार आठवतो. विज्ञानेश्वर नावाचा पंडित चालुक्यांच्या काळात कल्याणीला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, होऊन गेला. त्याची 'मिताक्षरा' ही टीका आपल्याकडच्या एकत्र कुटुंबाच्या कायद्याचा पाया. तिथे वडिलोपार्जित जमिनीचा विचार असा आहे की जन्मलेल्यांचा, पोटातल्यांचा, अजून न जन्मलेल्यांचाही निर्वाह त्या जमिनीवर आहे. म्हणून कर्त्या पुरुषाला ती लहर आली म्हणून विकता येत नाही. विकायची तर तीन कारणं: संकट, कुटुंबाची गरज, किंवा टाळता न येणारं कर्तव्य. त्या व्यवस्थेत बायकांवर काय अन्याय होता तो मला माहीत आहे, त्याची वकिली मी करत नाही. पण मालकी म्हणजे काय याची एक वेगळी कल्पना त्यात आहे. कर्ता हा मालक आहे, आणि तरीही तो एकटा मालक नाही.

सहकारी संस्थेचा राखीव निधी मला या जातीचा वाटतो. तो कुणी जमवला? आजच्या सभासदानं थोडा. बाकीचा ज्यांनी जमवला ते बहुतेक स्मशानात गेलेत. त्यांनी उसाच्या बिलातून कपाती सोसल्या, त्या 'आमच्या नातवानं बाजारात विकाव्यात' म्हणून नाही. ही नुसती भावना आहे असं समजू नका, आपला कायदाही हेच म्हणतो. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्याप्रमाणे निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो. आणि संस्था गुंडाळली, देणी भागवून काही उरलं, तर कलम ११० म्हणतं की ते सभासदांत वाटायचं नाही, ठरलेल्या सार्वजनिक किंवा सहकारी कामाला द्यायचं. ज्यानं हे कलम लिहिलं त्याला पक्कं कळलं होतं की ज्या दिवशी मोडून खाण्यात फायदा दिसेल, त्या दिवशी संस्था मोडेल.

म्हणून तर महाराष्ट्रात कॅनडासारखं झालं नाही. इथे मतदान करून, शेअर बाजारात नोंदवून रूपांतर करायचा सरळ रस्ताच नव्हता. मग इथे दुसरा रस्ता निघाला. त्यात सभासदाला कुणी विचारलंच नाही.

तुम्हाला पूर्वपीठिका माहीत आहे, थोडक्यात सांगतो. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ, वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नांतून लोणीजवळ प्रवरानगरला कारखाना निघाला, १९५० च्या सुमारास पहिलं गाळप झालं. पुढे गावोगावी कारखाने उभे राहिले. शेतकऱ्यांचे शेअर, सरकारचं भागभांडवल, सरकारची हमी, राज्य सहकारी बँकेचं कर्ज. १९९८ मध्ये साखर उद्योगाची परवाना पद्धत गेली आणि खासगी कारखान्यांना दार उघडलं. २००२ नंतरची दोन-तीन वर्षं वाईट: दुष्काळ, लोकरी मावा, ऊस नाही, गाळप नाही. कर्जं थकली. त्याच २००२ साली थकीत कर्जासाठी कोर्टात न जाता तारण विकण्याचा अधिकार बँकांना देणारा कायदा आला. कारखाने एकेक करून लिलावात निघाले, काही भाड्यानं गेले. घेणारे बहुतेक खासगी. आज राज्यात दोनशेच्या आसपास कारखाने गाळप करतात, त्यातले जवळपास निम्मे खासगी आहेत. राज्य बँकेचं संचालक मंडळ २०११ मध्ये बरखास्त झालं, मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१९ च्या आदेशानंतर गुन्हा दाखल झाला, पुढे तपास, अहवाल, आक्षेप. कोण दोषी हे ठरवणं न्यायालयाचं काम, मी त्यात शिरत नाही. माझा प्रश्न कुणी चोरी केली का, हा नाहीच. समजा प्रत्येक लिलाव अगदी चोख झाला असता, तरी माझा प्रश्न उरतो.

आमच्या तालुक्यातला कारखाना असाच गेला. नाव घेत नाही. तो उभा राहताना आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, सायकलवरून वाड्या-वस्त्यांवर शेअर गोळा करत फिरायचे. घरी आई म्हणायची, स्वतःच्या रानात पाणी धरायला यांना वेळ नाही. शेअरचे पैसे एकदम नव्हते, तर उसाच्या बिलातून हप्ते कापले. मग परतीच्या ठेवी, मग बिनपरतीच्या ठेवी. बिनपरतीची ठेव! आमच्या तर्कशास्त्राच्या पुस्तकात विरोधाभासाचं याहून चांगलं उदाहरण नव्हतं. (हशा) पण लोकांनी ती दिली, कारण कारखाना आपला होता. वार्षिक सभेला मांडव पडायचा. अहवाल कुणी वाचायचं नाही, पण चेअरमनला तोंडावर शिव्या घालायला म्हातारी माणसं दहा मैलांवरून यायची. त्या शिव्या हे मालकीचं लक्षण होतं, हे मला फार उशिरा कळलं.

लिलावाची जाहिरात आली तेव्हा मी ती कापून ठेवली. गट क्रमांक, क्षेत्र, इमारती, यंत्रसामग्री, राखीव किंमत. सगळं होतं. नव्हते ते सभासद. विकलं गेलं ते तारण, आणि देणेकऱ्यांच्या रांगेत सभासदाचं भांडवल शेवटचं. ते साहजिकच आहे, कुठल्याही दिवाळखोरीत तसंच असतं. पण विचार करा, सभासदानं तिथे फक्त भांडवल गुंतवलं होतं का? त्यानं चरक आपल्या ताब्यात असण्याची सोय बांधली होती. तिची किंमत जाहिरातीत कुठल्या रकान्यात लिहिणार? ती कुणी विकली नाही, कुणी विकत घेतली नाही, ती नुसती नाहीशी झाली. पुढच्या हंगामात कारखाना सुरू झाला. तोच भोंगा, तोच काटा, बरेचसे तेच कामगार. आमच्या पुतण्याला पत्र आलं. पूर्वी पत्राच्या डोक्यावर 'सन्माननीय सभासद' असायचं, आता 'ऊस पुरवठादार' होतं.

आता माझ्यावरच उलटणारा मुद्दा. कारखाने बुडाले कसे? गुंतवणूकदारांनी बुडवले का? नाही. ते आपल्याच निवडून दिलेल्या माणसांच्या हातात असताना बुडाले. गरजेच्या दुप्पट नोकरभरती, पाहुण्यांना कंत्राटं, पाच-पाच निवडणुका बिनविरोध. मी इतका वेळ मेलेल्या सभासदांचा हक्क सांगतोय, आणि आमच्याकडे मयत सभासद मतदानसुद्धा करून जायचे! (हशा) हसू नका, हेच दुखणं आहे. ज्यांनी वापराच्या मालकीचं नाव घेऊन मूठभरांची मालकी चालवली, त्यांनीच रूपांतराचा युक्तिवाद सोपा केला. केरीच्या शेतकऱ्यानं निदान हात वर करून विकलं. आमचा सभासद सभेला गेला नाही, अहवाल वाचला नाही, आणि कर्ज कुठल्या तारणावर घेतलं हे त्याला वर्तमानपत्रातून कळलं. कर्त्यानं जमीन गहाण टाकली आणि घरच्यांना जप्तीच्या दिवशी समजलं, असं.

तेव्हा संस्था कधीच विकू नये, असं मी म्हणतोय का? नाही. खरं संकट असेल, ऊसच उरला नसेल, दूध घालणारंच कुणी नसेल, तर विकावी. पण मग निर्णय माल घालणाऱ्या सभासदांनी घ्यावा, प्रतिनिधींनी नाही, बँकेच्या अधिकाऱ्यानं तर नाहीच. एकाच सभेत नको, एक हंगाम मध्ये जाऊ द्यावा. आणि राखीव निधीचा भाग आजच्या लोकांच्या खिशात न जाता त्याच भागातल्या शेतकऱ्यांच्या पुढच्या एखाद्या संस्थेला जावा. भांडवल हवंय म्हणून कंपनीच हवी असेल, तर त्यालाही मधला रस्ता आहे. अलघ समितीच्या शिफारशींवरून २००२ च्या दुरुस्तीनं 'उत्पादक कंपनी' आली. तिथे भागधारक उत्पादकच असावा लागतो आणि शेअर बाजारात फिरत नाहीत. ती काही रामबाण नाही, तिची स्वतःची दुखणी आहेत, त्यावर पुन्हा कधीतरी.

प्रश्न घेऊ. हो, तुम्ही, मागच्या रांगेतले.

(श्रोता: सर, मी खासगी कारखान्याला ऊस घालतो. पैसे सहकारीपेक्षा लवकर मिळतात. मग मला फरक काय पडतो?)

तुमचा अनुभव खरा आहे, तो मी खोडणार नाही. पैसे चौदा दिवसांत द्यावेत असा नियमच आहे, आणि तो पाळण्यात अनेक सहकारी कारखाने मागे राहिले. मी तुम्हाला एवढंच विचारेन, तुमच्या गावाहून दुसरा कारखाना किती लांब आहे? ... दोन आहेत? मग ठीक आहे, तुमच्या उसाला दोन गिऱ्हाइकं आहेत, आणि त्यातला एक सहकारी, म्हणता. म्हणजे तुम्हाला लवकर मिळणाऱ्या पैशात त्या सहकारी कारखान्याचाही थोडा हात आहे. तो बंद पडल्यावर काय होतं ते आपण पुढच्या पाच-सात वर्षांत बघू. तेव्हा मी असलो तर मला जरूर कळवा.

(श्रोत्या: आमच्या सासऱ्यांच्या नावचा बंद कारखान्याचा शेअरचा कागद आहे. ठेवावा की टाकून द्यावा?)

ठेवा, बाई. आधी वारसनोंद झाली आहे का बघा, बहुतेकांची झालेली नसते. अवसायक नेमला असेल तर त्याच्याकडे लेखी मागणी करा आणि पोच घ्या. मी अण्णांच्या कागदासाठी तसा अर्ज दिला आहे. पोच माझ्याकडे आहे, उत्तर अजून यायचंय.